सात नंबरचं कपाट

१

सोमवारी सकाळी सात नंबरच्या कपाटाखाली पाणी सापडलं, आणि मंगळवारी दुपारपर्यंत ते कोणी सांडलं हेही सगळ्यांचं ठरून गेलं होतं. आता फक्त ते कागदावर आणायचं राहिलं होतं. तनयाला बोलावलं होतं ते त्यासाठीच.

वानवडीकडून हडपसरला जाताना कालव्याच्या कडेला काळ्या दगडाची एक लांबट, बुटकी इमारत लागते. छावणीच्या काळात तिथे घोडे बांधत. गेली साठ वर्षं तिथे गवतं राहतात. सह्याद्रीच्या पठारांवरून गोळा केलेली, दाबून वाळवलेली, जाड कागदावर टाके घालून बसवलेली चौदा हजार गवतं, चोवीस कपाटांत. संस्थेचं नाव तृणसंग्रह मंडळ. त्यातल्या सात नंबरच्या कपाटातले दोनशेबारा नमुने बुरशीने गेले होते.

"तुम्हाला एकच प्रश्न आहे," सुशीलाबाई म्हणाल्या. मंडळाच्या त्या अध्यक्ष. वय शहात्तर, वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. समोरचा माणूस अजून वर्गातच बसला आहे अशा थाटात त्या बोलत. "दालनातलं ते यंत्र बरोबर चालतं का? हो किंवा नाही. निबंध नको."

ते यंत्र म्हणजे दालनाच्या मधल्या खांबावरचा लॉगर. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा पांढरा डबा. दर दहा मिनिटांनी तापमान आणि हवेतली आर्द्रता नोंदवणारा. तो तपासून ऑगस्टमध्ये प्रमाणपत्र दिलं होतं तनयाच्या प्रयोगशाळेने आणि त्यावर सही होती तनयाचीच.

"उत्तर हो आलं तर?" तनयाने विचारलं.

उत्तर टेबलापलीकडून आलं. तिथे सौरभ बसला होता. गेल्या सप्टेंबरमध्ये या इमारतीला आतून फोमचे पॅनेल लावून देणारा वास्तुरचनाकार. "सिंपल आहे. लॉगर म्हणतो, गेले पाच महिने आत अठ्ठेचाळीस टक्के आर्द्रता. एकदम परफेक्ट. आत नळ नाही, पाइप नाही, नोव्हेंबरपासून पाऊस नाही. मग पाणी कुठून आलं? कोणीतरी आणलं. रविवारी सकाळी अकरा वीसला आर्द्रता अचानक चढायला लागते. रविवारी आवारात एकच माणूस होता."

तो माणूस बाहेर पडवीत बाकड्यावर बसला होता. येताना तनयाने त्याला पाहिलं होतं. साठीला टेकलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर. आवाराच्या फाटकाला भरदुपारी कुलूप होतं. ते कोणासाठी लावलंय हे तिला आत्ता कळलं.

"धोंडिबा बत्तीस वर्षं आहे आमच्याकडे," सुशीलाबाई म्हणाल्या. "ओल्या फडक्याने फरशी पुसायची नाही असं त्याला लेखी दिलं होतं. खिडकी उघडायची नाही हेही लेखी. त्याने बादली लवंडली, खिडकी उघडी टाकली आणि आता म्हणतो, मी नाही. चुकलो म्हणाला असता तर मी रागावून सोडून दिलं असतं. खोटं मात्र मी ऐकून घेत नाही. पाच वाजता आम्ही चौकीत तक्रार देणार आहोत. मागची खोलीही त्याला सोडावी लागेल."

तनयाने सोबत आणलेला प्रमाणित मापक लॉगरशेजारी लावला आणि अर्धा तास थांबली. दोन्ही आकडे जुळले, दशांशासकट.

यंत्र अगदी बरोबर होतं. म्हणजे तिचं खरं उत्तर त्या बाकड्यावरच्या माणसाला थेट चौकीत नेऊन बसवणार होतं. भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन वाजले होते.

२

"उत्तर देण्याआधी कपाट बघू?" तिने विचारलं.

"यंत्र तपासायला आलात ना?"

"यंत्र खांबावर आहे, मॅडम. गवत कपाटात होतं."

सुशीलाबाईंनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "सोनाली, दाखव यांना. पंधरा मिनिटं."

सोनाली संग्रहपाल होती. पस्तिशीची, बारीक, हातात कायम सुती मोजे. दालनाचं दार तिने ओढून घेतलं तसा रबरी पट्टीचा चुंबनासारखा आवाज झाला आणि बाहेरचं सगळं जग बंद झालं. रिक्षा नाही, कावळा नाही. तनयाच्या कानांत दडे बसल्यासारखं झालं. पांढऱ्या गुळगुळीत भिंती, एसीची एकसुरी घरघर, आणि त्या सगळ्याखाली कुठेतरी एक वास. भिजलेल्या गोणपाटाचा असतो तसा.

"हा वास कधीपासून येतोय?"

"सोमवारपासून," सोनाली म्हणाली. "मी सकाळी नऊला आले. दार उघडलं तर समोर खिडकी सताड उघडी आणि सातखाली पाणी. मी किंचाळलेच. मग कपाट उघडलं तर हे."

सात नंबरचं कपाट कालव्याच्या बाजूच्या भिंतीला टेकून, लांब स्क्रूंनी पक्कं बसवलेलं होतं. शेजारीच ती खिडकी, आता बंद. तनयाने टॉर्च काढला. पोलादी कपाट, आठ कप्पे, कप्प्यांत पाकिटांचे गठ्ठे. खालच्या कप्प्यातली पाकिटं दमट होती, पण डाग थोडे. वरच्या कप्प्यातली मात्र हिरव्या-काळ्या बुरशीने मखमली झाली होती. तिने एक गठ्ठा अलगद पुढे ओढला. पुढची कड जवळजवळ कोरी. मागची, भिंतीकडची कड कुजून चिकटलेली.

ती उकिडवी बसली आणि पुन्हा वर पाहिलं. पाणी जमिनीवर सांडलं होतं. पाच फूट उंच चढून, मागच्या बाजूने गठ्ठ्यांत शिरायचं हे पाण्याला कोणी शिकवलं?

आणि बुरशी? रविवारी सांडलेल्या पाण्यावर सोमवारी असा थर धरत नाही. याला कित्येक आठवडे लागतात.

"या कपाटात खास काही होतं?"

"मूळ नमुने," सोनाली हलक्या आवाजात म्हणाली. "ज्या शीटवरून त्या गवताला जगात पहिल्यांदा नाव मिळालं, ती शीट. आमच्याकडे असे नऊच आहेत. लाल काठाच्या पाकिटांत. सगळे सातमध्येच होते." तिचे डोळे भरून आले. खोटे नव्हते ते अश्रू, एवढं तनयाला समजलं.

"चाव्या कोणाकडे असतात?"

"दालनाच्या तीन. मी, धोंडिबा, आणि पॅनेलच्या देखभालीसाठी सौरभ सर. कपाटांच्या फक्त माझ्याकडे."

तनया खांबाशी गेली आणि लॉगरमधली सगळी नोंद लॅपटॉपवर उतरवून घेतली. निळी रेघ आर्द्रतेची, लाल रेघ तापमानाची. सौरभ म्हणाला तसंच होतं: रेघ अठ्ठेचाळीसवर सरळ. तिने रेघ मोठी करून पाहिली. मग आणखी मोठी.

अकरा डिसेंबरपासून रोज दुपारी एकच्या सुमाराला निळी रेघ दचकल्यासारखी खाली जात होती. चाळीसपर्यंत. वीस मिनिटांत पुन्हा वर. रविवार सोडून, रोज.

रोज दुपारी एक वाजता या बंद दालनात कोणीतरी काहीतरी करत होतं.

३

"धोंडिबाकाका, मी तनया. ते यंत्र तपासायला आलेय."

"बसा की ताई. बाकडं मोठं हाय." तो सरकला. "तुमी पुण्याच्या न्हाई वाटत."

"वर्ध्याची. हडपसरला राहते."

"मी धायरीचा. गाव होतं तवाचा. आता निस्त्या बिल्डिंगा. म्हाताऱ्या चुलत्यानं शेत इकलं, मी नोकरी धरली." तो थांबला. "धरली होती म्हणा."

तनयाने लॅपटॉप त्याच्यासमोर धरला. "या रेघेला रोज दुपारी एक खड्डा पडतो. एक वाजता. तेव्हा सोनाली मॅडम डबा खायला ऑफिसात असतात."

धोंडिबाने रेघेकडे पाहिलं, मग फाटकाच्या कुलपाकडे. 

"तुमी शिकलेल्या माणसांनी भिंतीला पण डोळे लावलेत," तो म्हणाला. "खिडकी उघडतो मी. मॅडमनी कागद दिलाय, उघडायची न्हाई म्हणून. सही हाय माझी त्याच्यावर. तरी उघडतो."

"का?"

"वास यायला लागला ना. थंडी पडली आन् यायला लागला. सोनाली मॅडमला दोनदा बोललो, कपाटं उघडून बघा एकदा. त्या म्हणाल्या, काका, मशीन अठ्ठेचाळीस दाखवतंय. आता मशीनफुडं माझं नाक काय टिकणार? मग म्हणलं, आपण आपलं जमंल ते करू. दुपारचं ऊन असतंय तवा ईस मिन्टं उघडायची. हवा कोरडी असती."

"पूर्वी काय करायचा?"

"पूर्वी?" त्याचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला. "पूर्वी कपाटं भिंतीपासून हातभर पुढं असायची. संक्रांत झाली की आठ दिवस समदी पाकिटं भाईर काढून पडवीत सावलीला वारा द्यायचा. तवा वास कसला न्हाई. भिंत घामेजायची, पन वाळायची."

तनयाची मान वर झाली. "घामेजायची? कधी?"

"कालव्याला पानी सुटलं की. खडकवासल्यातनं आवर्तन सुटतंय ना शेतीला, म्हैनाभर चालतंय. मागची भिंत कंबरंएवढी काळी पडायची. पानी बंद झालं की पंधरा दिसांत कोरडी. पहिल्यापासनं हाय ते. चुन्याची भिंत हाय, पिती आन् सोडती."

"आत्ता पाणी सुटलंय?"

"व्हय. एक आवर्तन नोव्हेंबरात झालं, हे दुसरं जानेवारीपासनं." मग तो एकदम तिच्याकडे वळला. "ताई, खिडकीचं आत बोलू नका. रोज उघडतो म्हणलं की झालंच. मग रविवारचं पन माझ्याच नावावर लागंल. घरी अजून सांगितलं न्हाई मी. जावयासमोर काय तोंड दाखवू?"

 त्याला वाचवू शकेल असा पुरावा एकच होता, आणि नेमका तोच लपव म्हणून तो तिला विनवत होता.

४

"पॅनेल उघडायचं? आर यू सिरियस?" सौरभ उभाच राहिला. "एक पॅनेल काढलं की पूर्ण सिस्टिमची वॉरंटी जाते. जगभर हेच मटेरियल वापरतात. तुम्ही लॉगरवाल्या आहात ना? लॉगर बरोबर आहे की नाही?"

"बरोबर आहे."

"मग संपलं!"

"लॉगर बरोबर आहे," तनया सावकाश म्हणाली, "पण त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा आहे. तो खांबावर बसून दालनाच्या मधली हवा मोजतो. एसी ती हवा कोरडी ठेवतोच. भिंतीत काय आहे ते त्याला दिसत नाही. मला सात नंबरच्या शेजारचं एकच पॅनेल उघडून हवंय."

"बाई, हे म्हणजे—"

"सौरभ," सुशीलाबाई म्हणाल्या, "वॉरंटी भिंतीची आहे का तुमच्या अब्रूची? भिंतीची असेल तर भिंत बघू द्या."

स्क्रू काढायला धोंडिबालाच बोलवावं लागलं, कारण हत्यारं कुठे असतात हे दुसऱ्या कोणालाच माहीत नव्हतं. त्याने अकरा स्क्रू काढले. बारावा फिरेना. गंजून गच्च झाला होता. धोंडिबाने पटाशी घालून पॅनेल उचकटलं.

पहिल्यांदा वास आला. सुशीलाबाईंनी पदर नाकाला लावला. पॅनेलच्या पाठीवर पाण्याचे थेंब ओळीने लटकत होते, आणि मागची जुनी भिंत माणसाच्या उंचीपर्यंत ओली, काळी, मधूनमधून मिठासारखा पांढरा लोणा फुटलेली होती. तनयाने चुन्याच्या गिलाव्यात नख रोवलं. तो लोण्यासारखा खरवडून आला.

दालन बंद होतं, एसी चालू होता, पाचही जण आत होते. बाहेरून आवाज येत नव्हता. पाच महिने ही भिंत अशीच कोंडलेली होती.

"बाहेरून प्लॅस्टिक पेंट, आतून फोम आणि फोमवर चकचकीत पत्रा," तनया म्हणाली. "कालव्याचं पाणी जमिनीतून भिंतीत चढतं. ते पूर्वीही चढायचं. पण भिंत ते दोन्ही अंगांनी हवेत सोडून द्यायची. तुम्ही दोन्ही अंगं बंद केलीत. आता ते वरवर चढत गेलं. पलीकडून ऊन भिंत तापवतं, तशी त्याची वाफ आत येते आणि एसीने गार केलेल्या पॅनेलच्या पाठीवर तिचे थेंब होतात. कपाटाचे स्क्रू पॅनेलच्या आरपार भिंतीत गेलेत. त्या भोकांतून ती दमट हवा थेट कपाटाच्या पाठीत शिरते, आणि बंद कपाटात साठून राहते."

"थंड देशांत हेच डिटेल—" सौरभ पुटपुटला.

"थंड देशात आतली हवा उबदार असते आणि ओल आतून बाहेर जाते. तिथे पत्रा आतल्या बाजूला बरोबर आहे. इथे आपण आत एसी लावतो. सगळं उलटं होतं. तुम्ही रेनकोट उलटा घातलात आणि तोही आधीच भिजलेल्या माणसाला."

सौरभ खाली बसला. मग त्याच्या चेहऱ्यावर एक आशा चमकली. "ठीक आहे. बुरशी भिंतीमुळे, मान्य. पण सातखालचं पाणी? बादलीभर पाणी होतं जमिनीवर! ते भिंतीतून नाही आलं. रविवारी अकरा वीसला रेघ चढली ती चढलीच ना?"

"चढली," तनया म्हणाली. "ते पाणी हातानेच ओतलं गेलं."

 साडेचार वाजत आले होते.

५

ऑफिसच्या टेबलावर तनयाने लॅपटॉप ठेवला. धोंडिबा पटाशी हातात घेऊन दाराशी उभा होता.

"बुरशी कित्येक आठवड्यांची, आणि पाणी दोन दिवसांचं," ती म्हणाली. "म्हणजे पाण्याने बुरशी आली नाही. पाणी नंतर आलं. ते कशासाठी ओतलं असेल? बुरशीला एक कारण मिळावं म्हणून. ज्याने ओतलं त्याला रविवारच्या आधीच माहीत होतं की सात नंबरचं कपाट कुजलंय."

"मला माहीत नव्हतं!" सौरभ म्हणाला. "असतं तर मी तुम्हाला पॅनेल उघडू दिलं असतं?"

"तुम्ही कुठे दिलंत?" सुशीलाबाई म्हणाल्या. "पुढे बोला हो."

तनयाने धोंडिबाकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता. मग तोच बोलला. "सांगा ताई. सांगून टाका. आता अर्धं ठिवून काय उपेग?" आणि बाईंकडे वळून: "बाईसाहेब, अकरा डिसेंबरपासनं रोज दुपारी मी खिडकी उघडतोय. कागद दिला व्हता तरी."

सुशीलाबाईंचा चेहरा कठोर झाला, पण तनयाने लगेच रेघ पुढे केली. "हे खड्डे म्हणजे काकांची खिडकी. दर वेळी आर्द्रता खाली जाते बघा, वर नाही. फेब्रुवारीतल्या दुपारी पुण्याची हवा इतकी कोरडी असते की खिडकी उघडली तर खोली सुकते. हे काकांना माहीत होतं. बत्तीस वर्षं माहीत आहे. ओल येऊन सगळं कुजलं असं भासवायला खिडकी उघडी ठेवायची, हे त्यांना सुचणारच नाही. ते पुस्तकातून शिकलेल्या माणसाला सुचतं. खिडकी उघडी म्हणजे ओल आत, असं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं."

"मॅन्युअल दोघांनी वाचलंय," सुशीलाबाई म्हणाल्या. त्यांनी सौरभकडे पाहिलं, मग सोनालीकडे.

"म्हणून लाल रेघ बघायची. तापमानाची. रविवारी अकरा वीसला पाणी ओतल्यावर निळी रेघ चढते. लाल मात्र बावीस अंशांवर सरळ. रविवारी दिवसभर सरळ, रात्रभर सरळ. या आठवड्यात पहाटे तेरा अंश असतात. खिडकी रात्रभर सताड उघडी असती तर ही रेघ ढासळली असती. ती कुठे ढासळते? इथे. सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांच्या नोंदीत. त्याआधी खिडकी बंद होती."

खोलीत पंखा फिरत होता. सोनाली मोजे काढायचा प्रयत्न करत होती आणि ते निघत नव्हते.

"सोनाली मॅडम, तुम्ही म्हणालात, दार उघडलं तेव्हा खिडकी उघडीच होती. नऊ वाजता."

"लॉगर दर दहा मिनिटांनी नोंदवतो," सोनाली कशीबशी म्हणाली. "एखादी नोंद इकडेतिकडे होऊ शकते."

"एखादी होऊ शकते. रविवार अकरा वीसपासून सोमवार नऊपर्यंत एकशेतीस नोंदी आहेत." तनयाचा आवाज कडक नव्हता. तिला या क्षणी तो विजय वगैरे काही वाटत नव्हता. "अजून एक. सातमध्ये नऊ लाल काठाची पाकिटं होती म्हणालात. मी आठही कप्पे पाहिले. कुजलेल्या गठ्ठ्यांत एकही लाल काठ नाही. बुरशी लाल शाई खात नाही. भिंतीपासून लांब, दालनाच्या मधोमध चार कपाटं आहेत. ती उघडाल का?"

सोनाली उठली नाही. तिने चाव्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि तो सुशीलाबाईंच्या दिशेने सरकवला.

"बारा नंबर," ती म्हणाली. "खालून दुसरा कप्पा. नऊही कोरडे आहेत. त्यांच्याजवळ पाणी न्यायला माझा हात धजला नाही."

६

तिने सगळं सांगितलं, फारसं न थांबता. दर महिन्याला कपाटं उघडून पाहिली, कोरडी आहेत, अशा तपासणीच्या कागदावर ती सही करत आली होती. उघडली मात्र कधीच नव्हती. लॉगर अठ्ठेचाळीस दाखवत असताना उघडून काय पाहायचं? संक्रांतीनंतरचं वारा देणं तिनेच बंद केलं होतं. पॅनेल लावा म्हणून वर्षभर मागे लागली होती तीच. जानेवारीच्या शेवटी एका विद्यार्थिनीला गवत दाखवायला तिने सात नंबर उघडलं, तेव्हा बुरशी दिसली. रविवारी काका बाजारात गेल्यावर ती येऊन पाणी ओतून गेली, आणि खिडकी सोमवारी नऊला आल्यावर उघडली.

"रोज घरी जाताना वाटायचं, उद्या सांगू. रोज आणखी एक दिवस वाढायचा. मग सांगायचं काय, की पाच सह्या खोट्या आहेत?" ती धोंडिबाकडे पाहू शकत नव्हती. "मला वाटलं, काकांना तुम्ही रागवाल आणि सोडून द्याल. बत्तीस वर्षांची नोकरी. चौकीपर्यंत जाल असं वाटलं नव्हतं."

"आणि काल चौकीचं ठरलं तेव्हा?" सुशीलाबाईंनी विचारलं.

सोनालीने मोजे शेवटी ओढून काढले आणि चाव्यांशेजारी ठेवले.

सौरभ घसा खाकरून म्हणाला, "पाच वाजलेत. कंप्लेंट नाव बदलून द्यायची असेल तर..."

"तुम्ही जरा गप्प बसा. द्यायचीच झाली तर तुमचं आणि माझं नावही घालावं लागेल. पॅनेलच्या ठरावावर पहिली सही माझी आहे." सुशीलाबाईंनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्या एकदम म्हाताऱ्या दिसल्या. "सोनाली, आत्ता मला सांगितलंस ते सगळं लिहून दे. शुक्रवारी मंडळाची सभा बोलावते. तोवर येऊ नकोस. आणि तुम्ही," हे तनयाला, "ती भिंत वाळायला किती दिवस लागतील?"

"दोन्ही बाजू मोकळ्या केल्या, पॅनेल आणि बाहेरचा रंग काढला, तर ढोबळमानाने एक इंचाला एक महिना."

"भिंत दोन फुटी आहे."

"म्हणजे दोन वर्षं. आणि तेही कोणीतरी रोज बघितलं तर. कधी खिडकी उघडायची, कधी मिटायची, कालव्याला पाणी सुटल्यावर काय करायचं. ते यंत्र सांगणार नाही."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं.

"धोंडिबा," सुशीलाबाई म्हणाल्या. पुढचं वाक्य त्यांना नीट जुळवता येईना. आयुष्यभर त्यांना असं झालं नसावं. "तू... तक्रार वगैरे काही नाही आता. खोली तुझीच आहे. तू दिवाळीला निवृत्त होणार होतास, पण तुला आणखी दोन वर्षं ठेवायचं मी सभेत मंजूर करून घेते. आजपासून कामाला लाग."

धोंडिबाने पटाशी टेबलाच्या कडेला ठेवली. मग खिशातून दालनाची चावी काढून तिच्या शेजारी ठेवली.

"बाईसाहेब, दोन दिस मला भाईर बाकड्यावर बसवलं. फाटकाला कुलूप घातलं. मागं एकदा बिबट्या आला म्हणून घातलं व्हतं तसं." त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते ऐकणं जास्त अवघड होतं. "मी आता घरी जातो. धायरीला. दोन दिस काय झालं ते लेकीला सांगायचंय. मग बघू, यायचं का न्हाई."

"अरे पण आज—"

"फाटक उघडून द्या."

फाटकाची चावी सौरभकडे होती. तो धावत गेला. धोंडिबा त्याच्याकडे न बघता बाहेर पडला, रस्ता ओलांडून बसथांब्यावर उभा राहिला. बस आली. बस गेली.

सोनाली आतल्या टेबलाशी मान खाली घालून लिहीत होती. बाकीचे तिघं पुन्हा दालनात आले. ओली भिंत उघडी पडली होती, तिच्यावर हवा यायला हवी होती, म्हणून तनयाने खिडकी उघडली. सहाच्या सुमाराला बाहेर गारवा उतरू लागला, तशी ती म्हणाली, "आता मिटायला हवी. रात्रीची हवा दमट असते."

खिडकी मिटेना. सागवानी जुनी झडप, चौकटीत तिरकी अडकली होती. तनयाने ओढली. सौरभने खांदा लावून ढकलली. मग जोर लावला तशी बिजागरी करकरली आणि तो घाबरून मागे सरला.

"रोज उघडत होता ना तो? रोज मिटतही असेल. सोमवारीही आपण त्यालाच मिटायला लावली होती," सुशीलाबाई म्हणाल्या. "काहीतरी युक्ती असणार."

"सुताराला फोन करतो," सौरभ म्हणाला.

"सुताराला काय विचारणार? ही खिडकी काय म्हणते ते?" त्यांनी पदर खोचला आणि ऑफिसच्या टेबलावरून दालनाची चावी उचलली. कोरे कागद आणि पेनही पर्समध्ये टाकलं. "सौरभ, गाडी काढा. धायरीला जायचंय."

"आत्ता? ऑफिस सुटायची वेळ आहे बाई. सिंहगड रोडला दीड तास अडकू."

"अडकू," सुशीलाबाई म्हणाल्या. "तेवढ्या वेळात माझं माफीचं पत्र लिहून होईल. माझ्या सहीचं. त्याच्या लेकीसमोर वाचून दाखवायचंय."

गाडीचा आवाज कालव्याच्या रस्त्याने लांब गेला. तनया अर्धवट मिटलेल्या खिडकीशी झडपेला पाठ लावून उभी राहिली, जेवढी फट बुजवता येईल तेवढी बुजवत, आणि वाट पाहू लागली.